गाडीच्या ब्रोशरमध्ये ज्याचं नाव छापलेलं असतं, तो मॅकफर्सन नेमका कोण होता?

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलं की सेल्समन हातात ब्रोशर टेकवतो. मायलेज, एअरबॅग, सनरूफ सगळं वाचून होतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरातला एक तक्ता असतो, तो मात्र कुणी वाचत नाही. त्यात फ्रंट सस्पेन्शनच्या ओळीत बहुतेक वेळा एकच नाव सापडतं, मॅकफर्सन स्ट्रट. आठ लाखांच्या हॅचबॅकमध्ये हेच, आणि पन्नास लाखांच्या कित्येक जर्मन गाड्यांमध्येही हेच.

आता पाच-सात वर्षं पुढे जाऊया. त्याच जर्मन गाडीतून स्पीडब्रेकर उतरताना पुढून टकटक आवाज यायला लागतो. ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं. टायर आतल्या कडेनेच झिजलेले असतात. मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेतो, खालून लांब टॉमी लावून चाकाला धरणारा एक जाड हात हलवून दाखवतो आणि सांगतो की लोअर आर्म गेलेत, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील. लक्झरी गाडी असेल तर एस्टिमेट बघून मालकाचाच शॉकॲब्सॉर्बर बसतो.

त्या एस्टिमेटचा आणि ब्रोशरमधल्या नावाचा थेट संबंध आहे. चाक जागेवर धरून ठेवायचं बहुतेक ओझं खालच्या आर्मवर आलं ते याच माणसामुळे. आणि त्याने हे सगळं कुठल्या महागड्या गाडीसाठी केलंच नव्हतं. एक हजार डॉलरच्या आत बसणाऱ्या छोट्या गाडीसाठी केलं होतं. ती गाडी कधी विक्रीला आलीच नाही.

अर्ल स्टील मॅकफर्सनचा जन्म ६ जुलै १८९१ चा, अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्कचा. इलिनॉय विद्यापीठातून तो १९१५ साली पदवी घेऊन बाहेर पडला आणि मोटारींच्या धंद्यात शिरला. त्या काळात डेट्रॉईटमध्ये रोज कुणीतरी नवी मोटार कंपनी काढायचं आणि कुणाची तरी बंद पडायची. मॅकफर्सनची पहिली नोकरी होती चाल्मर्स कंपनीत. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, तेव्हा तो अमेरिकन लष्कराकडून युरोपात विमानांच्या इंजिनांवर काम करत होता. परत आल्यावर लिबर्टी आणि मग हपमोबाइल. या तिन्ही कंपन्यांचं आज नावही शिल्लक नाही. १९३४ मध्ये तो जनरल मोटर्समध्ये आला आणि पुढच्याच वर्षी शेव्हरोलेचा मुख्य डिझाइन इंजिनिअर झाला.

१९३४ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच साली अमेरिकन गाड्यांचं पुढचं टोक बदललं.

तोपर्यंत बहुतेक गाड्यांना पुढे बैलगाडीसारखाच प्रकार असायचा. दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी आस आणि त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलायचं. वेग वाढला की पुढची चाकं थडथडायला लागायची. यावर कॅडिलॅकमध्ये काम केलं मॉरिस ऑली या इंजिनिअरने. हा गडी मूळचा रोल्स-रॉइसचा, १९३० मध्ये जनरल मोटर्सकडे आलेला. १९३४ च्या कॅडिलॅक, ब्युइक आणि ओल्ड्समोबाइल गाड्यांना प्रत्येक पुढच्या चाकासाठी वेगळे दोन आर्म मिळाले, वरचा आखूड आणि खालचा लांब. मध्ये स्प्रिंग. आता एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नव्हता. गाडी मऊ चालायला लागली. दोन वर्षांनी रोल्स-रॉइसनेही फँटम थ्री गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं.

अडचण एवढीच की हा प्रकार महाग होता. चाकामागे दोन आर्म, किंगपिन, स्प्रिंगची बैठक, शॉकॲब्सॉर्बर, आणि जागोजागी ग्रीस मारायचे निपल. कॅडिलॅक घेणाऱ्याला चालून जातं. स्वस्त गाडीचं गणित त्यात बसत नाही.

मग १९४५ साल आलं. महायुद्ध संपत होतं. जनरल मोटर्सच्या साहेबांना भीती होती की पहिल्या महायुद्धानंतर आली तशी मंदी पुन्हा येईल आणि लोक छोटी गाडी मागतील. म्हणून शेव्हरोलेच्या छताखाली हलक्या गाडीचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा मुख्य इंजिनिअर नेमला मॅकफर्सन. गाडीचं नाव ठरलं कॅडेट. किंमत हजार डॉलरच्या आत, वजन २,२०० पौंड म्हणजे साधारण १,००० किलो, आणि २.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. आपल्याला ही काही छोटी गाडी वाटणार नाही, पण अमेरिकन हिशोबाने ती चिंगळीच होती.

मॅकफर्सनला मात्र या गाडीत चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन हवं होतं. तेव्हाच्या महागड्या अमेरिकन गाड्यांनाही मागे सरळ आसच असायचा. स्वस्त गाडीत महागाचं काम करायचं तर काहीतरी वगळावं लागणार होतं.

त्याने वरचा आर्मच वगळला.

शॉकॲब्सॉर्बर प्रत्येक चाकामागे असतोच, पण तोवर त्याचं काम फक्त धक्का शोषायचं. मॅकफर्सनने त्यालाच गाडीचा पाय केला. नळी मजबूत केली, चाकाचा नकल थेट तिच्या बुडाला पक्का केला, तिच्याभोवती गोल स्प्रिंग बसवली आणि वरचं टोक बॉडीत अडकवलं. या एका उभ्या दांड्यात वरचा आर्म, स्प्रिंगची बैठक आणि शॉकॲब्सॉर्बर तिन्ही आले. पुढच्या चाकांना किंगपिनही लागला नाही, कारण स्टेअरिंग फिरवलं की अख्खा दांडाच फिरतो. खाली उरला एक आर्म. त्याचं एक टोक बॉडीला, दुसरं चाकाच्या बाजूला. हाच मॅकफर्सन स्ट्रट.

उभा दांडा आणि खाली आर्म ही मांडणी जगात कुणालाच सुचली नव्हती असं नाही. फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच रचनेचं पेटंट घेतलं होतं, आणि फ्रान्सच्या कोतँ-देगूत कंपनीच्या गाड्यांमध्येही याचा चुलतभाऊ सापडतो. पण हजारोंच्या संख्येने बनवता येईल आणि कारखान्यात पटकन बसवता येईल अशा रूपात ती आणली मॅकफर्सनने.

या रचनेत एक हिशोब दडलेला आहे आणि आजचं गॅरेजचं बिल त्याच हिशोबातून येतं. समजा स्ट्रटचं वरचं टोक जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि खालच्या आर्मचा सांधा २० सेंटीमीटरवर. गाडी वळणावर असताना रस्ता टायरला खालून बाजूला ढकलतो. तो जोर आर्म आणि वरचं टोक यांनी मिळून पेलायचा असतो. वरचं टोक लांब असल्यामुळे त्याच्या वाट्याला थोडाच जोर येतो. खालच्या आर्मवर मात्र रस्त्याने लावलेल्या जोराच्या सव्वापटीहून जास्त ताण येतो. स्ट्रट नाव मिरवतो, ओझं आर्म वाहतो.

कॅडेटचं पुढे काय झालं? काहीच नाही. युद्ध संपल्यावर मंदी आलीच नाही. उलट चार वर्षं गाडीविना काढलेले लोक मिळेल ती गाडी, मिळेल त्या किमतीला घेत होते. पोलादाचा तुटवडा होता. त्यात मोठी गाडी विकून जास्त पैसे मिळत असताना छोटी कशाला बनवायची? शिवाय चार चाकांच्या स्वतंत्र सस्पेन्शनसकट हजार डॉलरचं गणित जुळवणंही सोपं नव्हतं. मे १९४७ मध्ये प्रकल्प बेमुदत पुढे ढकलला गेला. कंपनीच्या भाषेत बेमुदत म्हणजे बंद, हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मॅकफर्सनच्या सस्पेन्शनचा पेटंट अर्ज दाखल झाला होता, आणि त्याचा हक्क अर्थातच जनरल मोटर्सकडे होता. गाडी गेली, कल्पनाही कंपनीची. मॅकफर्सन तेव्हा ५६ वर्षांचा. या वयात माणूस गपगुमान खुर्ची सांभाळून रिटायरमेंटची वाट बघतो. याने सप्टेंबर १९४७ मध्ये सरळ समोरच्या पार्टीत उडी मारली. फोर्डच्या इंजिनिअरिंगचे प्रमुख हॅरॉल्ड यंग्रेन यांनी त्याला बोलावून घेतलं.

फोर्डमध्ये त्याने तीच कल्पना नव्याने मांडली आणि जानेवारी १९४९ मध्ये दुसऱ्या पेटंटसाठी अर्ज केला. फोर्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्याला तेव्हा नव्या गाड्या हव्या होत्या. ऑक्टोबर १९५० मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटार शोमध्ये फोर्ड कॉन्सल आणि झेफर या दोन गाड्या लोकांसमोर आल्या. दोन्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट. या गाड्यांना वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच सांगाडा होता. स्ट्रटला नेमकं हेच लागतं, कारण त्याचं वरचं टोक चाकावरच्या पत्र्याच्या बुरुजात अडकवायचं असतं. हा पत्रा मजबूत नसेल तर सगळाच खेळ खलास.

इथे आणखी एक काटकसर झाली. गाडी वळणावर कलू नये म्हणून पुढे एक वाकवलेला पोलादी बार असतो, अँटी-रोल बार. फोर्डच्या रचनेत खालचा आर्म म्हणजे एक साधी आडवी पट्टी होती, आणि तिला मागे-पुढे सरकू न देण्याचं काम या बारवरच सोपवलं. एका पार्टकडून दोन पार्टची कामं करून घेणं ही मॅकफर्सनची जुनी खोड.

पण एका पार्टकडे अनेक कामं आली की तो झिजला तर लगेच जाणवतं. आर्मच्या बॉडीकडच्या टोकाला रबरी बुश असतो. दोन पोलादी कड्यांच्या मध्ये रबर चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा हे रबर फक्त पिळवटतं, घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही. काही वर्षांत रबर कडक होतं, चिरतं, कड्यापासून सुटतं. मग ब्रेक मारल्यावर आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा किंचित बदलते, स्टेअरिंग थरथरतं. चाकाच्या बाजूला असतो बॉल जॉइंट. त्याचं रबरी टोपण फाटलं की आत पाणी आणि माती जाते, ग्रीस बाहेर येतं आणि गोटी आपल्या वाटीत खुळखुळायला लागते. आवाज येत असला तरी गाडी चालत राहते, म्हणून लोक चालवत राहतात. पण हा सांधा निखळला तर चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं आणि गाडी जागेवर बसते. सस्पेन्शनच्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नका असं मेकॅनिक सांगतो ते दरवेळी बिल वाढवायलाच नसतं.

बॉल जॉइंटवरून आठवलं, लक्झरी गाड्यांशी मॅकफर्सनच्या काळातल्या फोर्डचं वेगळंच नातं आहे. फोर्डची महागडी शाखा म्हणजे लिंकन. १९५२ च्या लिंकनला पुढे दोन आर्म होते, पण जुना किंगपिन काढून वर-खाली बॉल जॉइंट बसवलेले होते. अमेरिकन गाडीत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डचा इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष झाला. आणि त्याच वर्षी लिंकन गाड्या मेक्सिकोच्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत उतरल्या. तीन हजार किलोमीटरहून लांब, डोंगरदऱ्यांतून जाणारी, माणसं मारणारी शर्यत होती ती. मोठ्या स्टॉक गाड्यांच्या गटात पहिले चारही नंबर लिंकनने नेले. १९५३ मध्येही तेच केलं, आणि १९५४ मध्ये पहिले दोन. एरवी साहेब लोकांना क्लबात सोडणारी गाडी घाटातल्या वळणांवर सगळ्यांना मागे टाकत होती. १९५४ पासून बॉल जॉइंट साध्या फोर्डलाही आले.

म्हणजे बघा, ज्याच्या नावाचा स्ट्रट इंग्लंडमध्ये धडाधड विकला जात होता, तो स्वतः अमेरिकेत मोठ्या फोर्ड आणि लिंकन गाड्या बनवत होता, आणि त्यांना पुढे दोन-दोन आर्मच होते. मोठ्या, जड, रुंद बॉनेटच्या गाडीला जागेची किंवा पैशाची कमी नव्हती. स्ट्रट उंच असतो, त्यामुळे बॉनेट उंच ठेवावं लागतं. शिवाय शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर बाजूने जोर येत असल्याने थोडं घर्षणही होतं. मऊपणासाठी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन आर्म परवडत होते. आजही रोल्स-रॉइस त्याच वाटेने जाते.

जनरल मोटर्सकडच्या पेटंटला मंजुरी मिळाली जानेवारी १९५३ मध्ये, तेव्हा ते काढणारा माणूस समोरच्या कंपनीचा उपाध्यक्ष होता. फोर्डचं पेटंट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंजूर झालं. एकाच माणसाच्या एकाच कल्पनेची दोन पेटंट, दोन हाडवैरी कंपन्यांच्या तिजोरीत. १९५८ मध्ये मॅकफर्सन निवृत्त झाला. २६ जानेवारी १९६० रोजी वयाच्या ६८ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या पश्चात स्ट्रटने खरी मजल मारली. १९६१ मध्ये बीएमडब्ल्यूने १५०० ही सेडान दाखवली, पुढे स्ट्रट. १९६३ मध्ये पोर्शेने ९११ दाखवली, तिच्याही पुढच्या चाकांना स्ट्रटच, फक्त गोल स्प्रिंगऐवजी पिळाच्या दांड्या. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत १७ वर्षं असायची, म्हणजे दोन्ही पेटंट १९७० मध्ये संपली. १९७२ मध्ये होंडाने सिव्हिक आणली. छोटी, स्वस्त, आणि चारही चाकांना स्ट्रट. कॅडेटमध्ये मॅकफर्सनला जे करायचं होतं ते पंचवीस वर्षांनी जपानने केलं.

आपल्याकडे काय होतं? मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीला पुढे दोन आर्म आणि किंगपिन. काळी-पिवळी चालवलेल्या कुणालाही विचारा, ग्रीस मारायला उशीर झाला की स्टेअरिंग कसं जड व्हायचं ते तो सांगेल. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मॅकफर्सन स्ट्रट मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये पोहोचला. १९९८ मध्ये पुण्यात बनलेल्या टाटा इंडिकालाही पुढे स्ट्रटच होता, नंतर नॅनोलाही.

आणि १९९५ पासून पुण्यातच मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली, गाडीवाल्यांच्या भाषेत डब्ल्यू १२४. हिच्या पुढच्या चाकात मॅकफर्सनची कल्पना आहे पण मर्सिडीजने तिला वळण दिलंय. स्प्रिंग स्ट्रटभोवती ठेवली नाही, बाजूला काढून थेट खालच्या आर्मवर उभी केली. त्यामुळे स्ट्रटवरचा ताण आणि घर्षण कमी झालं आणि बॉनेट खाली घेता आलं. गाडी लोण्यासारखी चालते. आता हिशोब लावा. वळण आणि ब्रेकचं ओझं आर्मवर होतंच, त्यात पुढच्या टोकाचं वजनही आर्मवरच आलं. इतक्या वर्षांनी या गाड्या गॅरेजला येतात तेव्हा बुश आणि बॉल जॉइंट आधी तपासले जातात ते यासाठी.

हे काम साध्या स्ट्रटच्या गाडीसारखं नट खोलले आणि आर्म ओढला असं नसतं. आर्मवर दाबलेली स्प्रिंग बसलेली असते. ती सुटली तर तोफगोळ्यासारखी उडते, माणूस जायबंदी होऊ शकतो. आधी त्या गाडीसाठीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर घालून ती आवळायची, बाहेर काढायची, मग आर्मला हात लावायचा. एकाच बाजूचा बुश गेलेला दिसत असला तरी दोन्ही आर्म बदलतात, कारण दोघांनी रस्ता सारखाच खाल्लेला असतो. नवा आर्म चढवला तरी बुशचे बोल्ट लगेच पक्के करायचे नसतात. चाक हवेत लोंबकळत असताना ते आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश बघता बघता चिरतो. घाईत असलेल्या गॅरेजमध्ये हीच पायरी सुटते, आणि मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला. म्हणून गाडी आधी चाकांवर उतरवायची, दोन-तीन वेळा दाबून बसू द्यायची, तिचं वजन आर्मवर आलं की मगच शेवटचे बोल्ट टॉर्क लावून आवळायचे. त्यानंतर गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घ्यायची.